पाण्याच्या भिंतीआड

प्रिय इरा आणि नील,

मार्चमध्ये तुम्ही अंगणातून पाठवलेला फोटो मी मोठा करून स्वयंपाकघरात लावला आहे. खाली बर्फ, मध्ये कोट-टोप्या घातलेले तुम्ही दोघं, आणि वर ते हिरवं आकाश, कुणीतरी ओली साडी वाऱ्यावर वाळत टाकावी तसं. सूर्यावर वादळ झालं की तुमच्या इतक्या उत्तरेला आकाशाला असा रंग चढतो, असं तुमच्या बाबांनी खाली लिहिलं होतं. आणि नीलने विचारलं होतं, "आजी, मंगळावर जाताना आत्याला हे खिडकीतून दिसेल का?"

मी तेव्हा उत्तर दिलं नाही. जे ठाऊक नाही त्यावर घाईने बोलू नये, असं आयुष्यभर वर्गात सांगत आले, तेव्हा स्वतःही पाळायला हवं. आता मी जाऊन आले आहे. मंगळावर नव्हे, रामटेकजवळ. पण परत आल्यापासून मला ऊन पूर्वीसारखं दिसत नाही, म्हणून सगळं नीट क्रमाने लिहिते. बाबांना वाचून दाखवायला सांगा.

तुमची वसुधा आत्या चार महिने जमिनीखाली राहते आहे, हे तुम्हाला माहीत आहे. बंद पडलेल्या एका खाणीत यानासारखं घर बांधलंय आणि तिघेजण त्यात प्रवासाचा सराव करताहेत. हा सराव पार पडला की परदेशातलं मोठं प्रशिक्षण, आणि तेही पार पडलं तर खरा प्रवास, जाऊन-येऊन तीनेक वर्षांचा. तुमचे आजोबा गेल्यापासून या घरात मी एकटी आहे. म्हणून तिने निरोप पाठवला होता: "आई, दोन दिवस येऊन राहा, डोळ्यांनी बघ आणि मग सांग. तू नको म्हणालीस तर मी नाव मागे घेईन." ती असं बोलली की तसंच करते. तेव्हा मी पाहुणी म्हणून निघाले खरी, पण माझ्याकडे एक उत्तर द्यायचं काम होतं.

सक्करदऱ्याहून निघताना

मे महिन्याचे शेवटचे दिवस, आपल्याकडचा नवतपा, वर्षातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस. तुमच्याकडे ऊन पडलं की लोक अंगणात येतात. आमच्याकडे ऊन पडलं की खिडक्या लावून, वाळ्याच्या ताट्या भिजवून घरात बसतात. दुपारी सक्करदऱ्याच्या तलावावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. जी कुणी मुलगी गाडीवरून जाते तिचं डोकं, तोंड, हात सगळं दुपट्ट्याने गुंडाळलेलं, फक्त डोळे उघडे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, शहरात काही तरी सुटलंय आणि सगळे त्याच्यापासून लपलेत.

दिलीप, आपला नेहमीचा गाडीवाला, दारातच म्हणाला, "काकू, पोहचायले भर दुपार होईन. ऊन लय बेकार हाय. सकाळी गेलो तं नाही चालन का?"

"वसुधाने हीच वेळ दिली आहे."

"तिले का ऊन लागत नाही का?"

"ती जमिनीखाली आहे, दिलीप."

मग त्याने गाडीच्या काचा चढवल्या.

कन्हान ओलांडल्यावर रस्त्यावर पुढे सतत पाणी साचल्यासारखं दिसत होतं आणि गाडी जवळ गेली की आटत होतं. धानाची शेतं रिकामी, भेगाळलेली. रामटेकचा डोंगर दुरून दिसला तेव्हा त्याचा पायथाच दिसेना. वरची देवळं आणि त्यांखालचा थोडा डोंगर हवेत नुसता थरथरत होता. कुठे पक्षी नाही, कुठे आवाज नाही. मी इतक्या वर्षांत हा रस्ता किती तरी वेळा केलाय, पण त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं की वर जे जळतंय ते जिवंत असल्यासारखं आहे, आणि आपण त्याच्याकडे कधी नीट पाहत नाही, कारण पाहताच येत नाही.

खाणीच्या तोंडाशी

मँगनीजची जुनी खाण. काळ्या दगडांचे ढीग उन्हात तेल लावल्यासारखे चकाकत होते. एका पत्र्याच्या शेडमध्ये बाहेरच्या माणसांचा स्वयंपाक चालतो. तो करणाऱ्या मंदाबाईंनी मला गाडीतून उतरतानाच ओळखलं.

"तुमी डॉक्टरीनच्या आई नं? या, बसा. एवढ्या उन्हात काहून आल्या वं मावशी?"

"लेकीला भेटायला."

"मंग तिनंच वर याव नं! चार महिने झाले, एकबी जण उजेडात आला नाही. पांढरे पडून राहिले सारे, मुळ्यावानी." त्यांनी माझ्यापुढे बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात वाढला, वर कडकडीत फोडणीचं तेल ओतलं. "ते तिकडं सूर्याले भिऊन बसले, अन् मी इकडं सूर्यातच चूल पेटवून राहिली. मले कोणी पगारात धरत नाही मंगळाच्या!"

गोळाभात फार चांगला होता. तुम्ही याल तेव्हा करीन. मी मात्र घाईने जेवले आणि पाणी पुढे पिऊ म्हणून उठले, कारण बाटली माझ्याजवळ होती. फाटकावरच्या मुलीने ती नेमकी काढून ठेवली. आत जे जातं ते सगळं मोजूनमापून जातं, बाहेरचा थेंबही चालत नाही, असं ती म्हणाली. माझ्या गोळ्या, चष्मा आणि एक लुगडं तेवढं तिने तपासून परत दिलं.

खाणीचं तोंड मोठं होतं, पण शंभर-दोनशे पावलांत मागचं ऊन पांढऱ्या ठिपक्याएवढं झालं. ओल्या लोखंडासारखा वास यायला लागला. मग एक दार, आणि ते मागे बंद झाल्याशिवाय न उघडणारं दुसरं दार. दोन दारांच्या मधल्या त्या जागेत मी एकटी उभी होते आणि माझ्याच श्वासाचा आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता.

आत

दुसरं दार उघडलं तेव्हा समोर वसुधा हातात पाण्याचा गडू आणि तळहातावर गुळाचा खडा घेऊन उभी. आपल्या घरी उन्हातून कुणीही आलं, अगदी पोस्टमनसुद्धा, तरी आधी गूळ-पाणी आणि मग काय काम ते. तिने तेच केलं. मी गडू एका दमात संपवला. तेव्हा कुठे तिच्याकडे नीट पाहिलं. मंदाबाईंचं खरं होतं. रंग उतरला होता, डोळे मोठे वाटत होते.

"हळू बोल हं आई," ती म्हणाली. "आमची रात्र व्हायला आली आहे."

मंगळाचा दिवस आपल्या दिवसापेक्षा थोडा मोठा असतो. हे लोक तो पाळतात, त्यामुळे रोज थोडं थोडं मागे सरकत त्यांचं घड्याळ आपल्याला सोडून गेलं आहे. वर भर दुपार पेटलेली आणि खाली हे तिघं जांभया देत कुजबुजत होते. तिघं म्हणजे एक आपली वसुधा, त्यांची डॉक्टर. भूषण, यंत्रं बघणारा, लकडगंजच्या लाकडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. आणि केतकी, जी डब्यांत भाजी उगवते आणि रोपांशी बोलते.

जमिनीवरच्या खोलीतून एक माणूस त्यांच्याशी बोलतो. तो खरं तर आमच्या डोक्यावर, हाकेच्या अंतरावर बसलेला. पण मंगळाकडे जाताना आवाज पोहोचायला जेवढी मिनिटं लागतील तेवढी तो मुद्दाम थांबतो. शिवाय खालचा निरोप तुटक गेला नाही ना, याची खात्री म्हणून तो तोच निरोप तुमच्याच आवाजात परत ऐकवतो. मी पोहोचल्यावर त्याला म्हटलं, "मी ठीक आहे, गोळाभात जेवले." मग आम्ही भलत्याच विषयावर बोलत बसलो, आणि एकाएकी छतातून माझा आवाज आला: "मी ठीक आहे, गोळाभात जेवले." केतकी हसली. मला मात्र कुणी तरी मागून खांद्यावर हात ठेवल्यासारखं झालं.

त्या घराच्या मध्यात कपाटाएवढी एक खोली आहे. तिच्या भिंती पाण्याच्या आहेत. जाड पिशव्या, उशांसारख्या एकीवर एक, आणि त्यांच्या मधून खाण्याचे खोके. वसुधाने मला त्या दाखवल्या.

"सूर्यावर मोठं वादळ झालं की इथे शिरायचं," ती म्हणाली. "आधी त्याचा झगमगाट पोहोचतो, आठेक मिनिटांत. तोच इशारा. मागून बारीक कण येतात, कधी अर्ध्या तासात, कधी काही तासांत. पृथ्वीवर आपल्याला चुंबकाचं आवरण आहे आणि त्याखाली हवा. वाटेत यातलं काहीच नाही. यानाचा पत्रा त्या कणांना अडवत नाही."

"लागलं तर कळतं का?"

"नाही. चटका नाही, वास नाही, आवाज नाही. फार लागलं असेल तर काही तासांनी उलट्या होतात. मग बरं वाटतं."

"बरं वाटतं?"

"हो, काही दिवस. माणूस उठतो, जेवतो, हसतो. तोवर आत हाडांमध्ये रक्त बनणं थांबलेलं असतं."

हे तिने कुणाचा तरी पत्ता सांगावा तसं सांगितलं. मला तुमचे हिरव्या आकाशाखालचे हसरे चेहरे आठवले. चंद्रावर माणसं जायची त्या काळात दोन फेऱ्यांच्या मध्ये एकदा असंच वादळ येऊन गेलं होतं, ती म्हणाली. वर कुणी नव्हतं हे नशीब.

"मग शिशाची भिंत का नाही करत?" मी विचारलं. दवाखान्यात क्ष-किरणांपाशी शिशाचा पडदा असतो, एवढं मला माहीत होतं.

"शिसं फार जड. आणि जड धातूवर हे कण आपटले की आणखी तुकडे उडतात. पाणी त्यापेक्षा बरं. म्हणून पाणी भिंतीत ठेवायचं. प्यायला काढलं की तेवढंच वापरलेलं पाणी गाळून परत भरायचं. भिंत कधी बारीक होऊ द्यायची नाही, हा इथला पहिला नियम."

भूषणने माझ्या लुगड्यावर एक बिल्ला लावला. त्यात एक बारीक हिरवा दिवा होता. "काकू, वादळाचा सराव कधीही होऊ शकतो. आम्हालाही सांगत नाहीत. तुम्ही जिथे बसाल तिथे खऱ्या वादळात किती लागलं असतं, ते यंत्र मोजतं. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे जपा. लाल झाला की तो माणूस सरावापुरता गेला. त्याने बोलायचं नाही, उत्तर द्यायचं नाही. बाकीच्यांनी निभवायचं."

"आणि तो खरंच बोलत नाही?"

"वसुधाताईंनी नियम मोडलेला मी तरी पाहिला नाही," तो म्हणाला.

दुसरा दिवस, म्हणजे त्यांचा

मी झोपेत होते. घंटा वगैरे काही नव्हती, भिंतीतून एक घुमणारा आवाज यायला लागला, दूरच्या देवळात कुणी शंख फुंकावा आणि थांबूच नये तसा. वरचा माणूस शांतपणे म्हणाला, "सूर्याकडून मोठा झोत निघाला आहे. आत जा." त्याचा आवाज उशिरा पोहोचतो, म्हणजे तो ऐकू आला तेव्हा ते घडून गेलेलं होतं, हे माझ्या मनात आलं.

तिघांनी मला उचलल्यासारखंच त्या कपाटात नेलं. गुडघ्याला गुडघा लागेल एवढीच जागा. केतकी आणि भूषणने खाण्याचे उरलेले खोके ओढून दाराशी रचले. मी दाराजवळच्या पिशवीला टेकून बसले होते. वसुधाने त्या पिशवीकडे एकदा पाहिलं, वरून हात फिरवला आणि म्हणाली, "आई, तू इकडे ये, खोक्यांच्या बाजूला. इथे पाठ दुखेल." आम्ही जागा बदलल्या. मला बरं वाटलं, की मुलीला अजून आईच्या पाठीची काळजी आहे.

दिवे गेले. गडद काळोख, आणि त्यात चार हिरवे ठिपके.

वसुधाने निरोप पाठवला, "सगळे आत. चौघंही ठीक."

मग आम्ही बसून राहिलो. तुम्ही पावसात छपराखाली बसला असाल तर छपरावरचा आवाज ऐकू येतो, विजा दिसतात, बाहेर काय चाललंय ते समजतं. हे वादळ तसं नाही. त्याला आवाज नाही, उजेड नाही. पाणी हलत नव्हतं, पत्रा वाजत नव्हता. आपल्यातून काही तरी जातंय, आणि ते जातंय हे फक्त आपल्या छातीवरच्या दिव्याला ठाऊक आहे. दुसऱ्याचं तोंड दिसत नाही, त्याचा ठिपका तेवढा दिसतो. हळूहळू मला ते ठिपकेच ती माणसं वाटायला लागली.

वसुधा केतकीला सांगत होती की कुणाला मळमळलं तर कोणतं औषध आधी द्यायचं. बोलता बोलता तिचा ठिपका पिवळा झाला. तिचा आवाज बदलला नाही. मी म्हटलं, "वसु, तुझा दिवा." ती म्हणाली, "बघितलाय मी. केतकी, दुसरं औषध निळ्या..."

आणि ठिपका लाल झाला. ती वाक्याच्या मध्येच थांबली.

"निळ्या काय? ताई, निळ्या काय?" केतकीने विचारलं. उत्तर नाही. भूषण हळूच म्हणाला, "केतकी, त्या गेल्या. आता आपल्यालाच बघायचंय." केतकी म्हणाली, "पण डॉक्टर त्याच आहेत ना!"

मुलांनो, मला माहीत होतं की हा सराव आहे. माझ्या डोक्यावर खाण होती, खाणीवर मंदाबाईंची चूल होती, आणि दिलीप झाडाखाली झोपला होता. तरी मी अंधारात हात पुढे केला आणि तिचा हात धरला. तो ऊबदार होता, पण त्याने माझा हात दाबला नाही. मी म्हटलं, "वसु." म्हटलं, "अगं, मी आहे." काही नाही. लहानपणी ती रुसायची तेव्हासुद्धा बोट तरी हलवायची. मी डोळे मिटले. तेवढ्यात मिटलेल्या डोळ्यांत एक पांढरी बारीक रेघ सरकन गेली, डावीकडून उजवीकडे. मी घाबरून डोळे उघडले तर काळोख, तीन हिरवे आणि एक लाल.

आणि मग छतातून तिचा आवाज आला. अगदी टवटवीत. "सगळे आत. चौघंही ठीक."

मी तिच्या तोंडावर हात नेऊन पाहिला. ओठ मिटलेले होते.

तो मघाचाच निरोप होता, नियमाप्रमाणे परत ऐकवलेला. पण मला तेव्हा कळलं की खऱ्या प्रवासात काही झालं तर इथे नागपुरात मला असंच ऐकू येईल. ती ठीक आहे, असं ती सांगत असेल, आणि ते खरं असेल, तिथून निघालं तेव्हा.

चूक

दिवे आले. भूषणने खोके सरकवले. वसुधाने खोल श्वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "निळ्या डब्यातलं. केतकी, दुसरं औषध निळ्या डब्यातलं." केतकीला रडू फुटलं आणि लगेच हसूही.

भूषण वसुधाच्या मागच्या पिशवीपाशी गेला. ती वरच्या बाजूने रिकामी पडलेली होती. पाणी काढलं की पिशवी खालून भरलेली राहते आणि वरून चेमटते, म्हणजे बसलेल्या माणसाच्या डोक्याशी नुसतं रिकामं कापड. तो आतापर्यंत शहरातलं नीट बोलत होता, आता एकदम घरचा झाला. "कोणं काढलं गा पाणी? काहून काढलं?"

मग वसुधा म्हणाली, "काल आई आली तेव्हा एक गडू मी काढला. पाहुण्याच्या वाट्याचं पाणी रात्रीच्या जेवणाबरोबर सुटतं, त्याआधी नाही. ती उन्हातून आली होती. सकाळी भरणारच होते."

"एका गडूनं एवढी नाही होत."

केतकी पुटपुटली, "मागच्या आठवड्यात माझी बहीण आली होती ना. तिला मी दोनदा दिलं. परत भरायचं राहूनच गेलं."

भूषण पिशवीशेजारी खाली बसला. "अन् माझे बाबा. लकडगंजहून टेंपोत बसून आलते, तोंड सुकून गेलतं. मी त्याईले काय म्हणू? थांबा बाबा, तुमचं पाणी अजून मोजलं नाही?"

दारात असलेली पहिली पिशवी, म्हणून प्रत्येकाने तिच्यातूनच काढलं होतं. प्रत्येकाला वाटलं, आपण एकट्यानेच. पिशव्यांमध्ये पाणी किती आहे ते वरच्या खोलीत दिसत होतं, आत दिसत नव्हतं. वरच्या माणसाने नंतर सांगितलं की त्यांना ते आठवडाभर माहीत होतं. ते काही बोलले नाहीत, कारण त्यांना पाहायचं होतं. त्यांनी कुणाला सरावातून काढून टाकलं मात्र नाही. चूक इथे झाली ते बरंच, म्हणाले. म्हणजे आता फक्त माझं उत्तर उरलं होतं.

मी आणि वसुधा तिच्या बिछान्यावर बसलो. तिने मला त्या रेघेबद्दल समजावलं. अंतराळात डोळे मिटल्यावर अशा रेघा खरंच दिसतात, कण डोळ्यातून जाताना. इथे एवढ्या खडकाखाली ते नाही, बहुतेक माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे असेल.

"बहुतेक?"

"बहुतेक," ती म्हणाली.

मग मी जे विचारायचं ते विचारलं. "ती पिशवी रिकामी पडलेली आहे हे तुला बसायच्या आधी कळलं होतं ना?"

"हात फिरवला तेव्हा कळलं. भरायला वेळ नव्हता."

"आणि म्हणून माझी पाठ दुखत होती."

ती हसली. "आई, ते सगळं खोटं होतं. कुणाला काही लागलं नाही."

"कण खोटे होते. तू तिथे बसलीस ते खरं होतं."

तिने बिछान्यावरची चादर सरळ केली. मग म्हणाली, "कुणी तरी तिथे बसणारच होतं. तू नसतीस बसलीस?" मीही बसले असते, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. "आता सांग," ती म्हणाली. "मी म्हटलंय ते पाळेन. जाऊ की नको?"

मी म्हटलं, निघताना सांगते.

बाहेर

निघायच्या वेळेपर्यंत मी दोन्ही उत्तरं मनात बोलून पाहिली. 'नको' म्हणणं सोपं होतं. ती ऐकणार होती, धंतोलीतल्या दवाखान्यात परत बसणार होती, रविवारी माझ्याकडे जेवायला येणार होती. पण तिच्या जागी दुसरं कुणी जाणार, आणि त्याच्या भिंतीतलंही कुणी तरी प्रेमाने पाणी काढणार. तो लाल ठिपका माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हता. आणि आता निदान एक माणूस असं होतं ज्याला ती पिशवी हाताने ओळखता येत होती.

केतकी आणि भूषण पाया पडले. पहिल्या दाराशी वसुधा आली. सवयच ती. हातात गडू आणि गुळाचा खडा. वर अजून ऊन असेल, गाडीपर्यंत चालायचं आहे, आणि आईला कोरडं कसं पाठवायचं? तिचा चेहरा इतका साधा होता की मला भरून आलं. घसा खरंच वाळला होता.

"हे कुठलं पाणी?" मी विचारलं.

"पलीकडच्या पिशवीतलं. लगेच भरणार आहे, आई."

मी गूळ घेतला आणि तोंडात टाकला. "पाणी परत ओत," मी म्हटलं.

"अगं, एक गडूच..."

"ओत, वसु. माझ्यासमोर."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग वळली आणि त्या कपाटात गेली. मी मागून गेले. तिने पिशवीचं तोंड उघडून गडू ओतला, शेवटचा थेंब झटकला, झाकण आवळलं. पिशवी वरपर्यंत टम्म झाली. मी तिच्यावर हात फिरवून पाहिलं. वसुधाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मात्र तिने पुसलं नाही. तिला तिचं उत्तर मिळालं होतं आणि मला 'जा' हे शब्दांत म्हणावं लागलं नाही, याबद्दल मी त्या पिशवीची आभारी आहे.

दोन दारं मागे बंद झाली. बाहेरचा उजेड अंगावर भिंतीसारखा आला. मंदाबाई शेडमधून ओरडल्या, "अवं मावशी, तोंड पहा केवढंसं झालं! पोरीनं पाणीबी देलं नाही का?"

"नाही दिलं," मी म्हटलं.

"मंग शिकली म्हणा डॉक्टरीन!" असं म्हणत त्यांनी माठातलं पाणी भरून माझ्या हातात दिलं आणि मी ते उभ्यानेच प्यायले. रामटेकचा डोंगर पायथ्याशिवाय तसाच हवेत होता. दिलीपने विचारलं, "काकू, बरं वाटून राहिलं नं?" मी हो म्हटलं, आणि मग वसुधा 'बरं वाटतं' म्हणाली होती ते वाटभर आठवत राहिलं.

घरी

आता नीलचं उत्तर. नाही, आत्याला ते दिसणार नाही. हिरवा रंग हवेचा आहे. सूर्याचे कण आपल्या हवेवर आदळतात म्हणून तो उजळतो. आत्याच्या वाटेवर हवा नाही, म्हणून तिथे रंगही नाही. तिच्या खिडकीबाहेर नेहमीचा काळोख असेल आणि त्यातून तेच, तुम्ही पाहिलेलंच, काही न दिसता जात असेल.

तुमच्या अंगणात आकाश पुन्हा हिरवं झालं तर खुशाल बाहेर उभे राहा आणि पोटभर बघा. तुमच्या डोक्यावर फार जाड भिंत आहे आणि तिच्यातलं कुणी काढलेलं नाही. फक्त आत्या वाटेत असेल तेव्हा मला फोन करा, मी कुठल्याही कामात असले तरी. मी त्या वेळी काही बोलणार नाही कदाचित. मला तिला विचारायचं असेल, आत गेलीस का, आणि तिचं उत्तर यायला वेळ लागेल.

तुमची,
आजी